सेनापतीची मुखत्यारी आणि वकिलाचा कागद

१७५६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, तुळाजी आंग्रे विजयदुर्ग सोडून पेशव्यांच्या छावणीत तहाच्या बोलण्यासाठी येऊन बसला असता, आणि किल्ला कोणत्या शर्तींवर खाली करावयाचा याचा जाबसाल पेशव्यांच्या कारभाऱ्यांशी चालू असता, समुद्राच्या बाजूने अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने किल्ल्यावर मारा सुरू केला; आणि दुसऱ्या दिवशी, जो किल्ला पेशव्यांकडे यावयाचा होता, त्याच्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या प्रकरणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. नानासाहेब पेशव्यांनी परक्यांच्या तोफांनी आपलेच आरमार बुडविले, हा आरोप कोकणात शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतो, आणि तो निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि हा आरोप उच्चारून आपण जेथे थांबतो तेथूनच या प्रकरणाचा खरा विचार करण्याजोगा भाग सुरू होतो. मोहीम निघण्यापूर्वी मुत्सद्द्यांनी जो कागद लिहिलेला असतो तो मोहिमेतल्या सेनापतीला बांधतो किंवा नाही, आणि बांधत असेल तर कोणाच्या हुकमाने, हा प्रश्न विजयदुर्गाच्या तटाखाली जितक्या स्पष्टपणे उभा राहिला तितका मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच उभा राहिला असेल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारल्यावर त्यांच्या मुलांत दौलतीवरून कलह माजला. कुलाब्याचा मानाजी पेशव्यांच्या आश्रयाने राहिला आणि विजयदुर्गाचा तुळाजी कोणाचाच हुकूम मानीनासा झाला. सुवर्णदुर्गापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा बहुतेक सगळा सागरी पट्टा, त्याच्या गुराबांच्या आणि गलबतांच्या धाकात होता. इंग्रज, डच, पोर्तुगीज यांची जहाजे तो धरी. पेशव्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होई. अशा माणसाचे पारिपत्य करावे असे पुण्यास वाटले यात नवल नाही. नवल इतकेच की, ते करण्यासाठी समुद्रावरचे बळ आपल्याजवळ नाही हे ओळखूनही, ते बळ निर्माण करण्याऐवजी उसने घेण्याचा मार्ग दरबाराला सोपा वाटला.

हा उसनवारीचा व्यवहार ज्यांच्या हातून झाला ते पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर. त्यांचे आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शिअर याचे बोलणे होऊन मार्च १७५५ मध्ये जो करार ठरला त्याचा मथितार्थ असा होता की, समुद्रावरील सर्व हालचाल इंग्रजांच्या हुकमाखाली चालावी, दोन्ही आरमारांनी मिळून आंग्र्याची ठाणी घ्यावीत, आणि मोबदल्यात बाणकोटचा हिंमतगड व त्याखालची काही गावे इंग्रजांना मिळून बाकीचे किल्ले पेशव्यांकडे जावेत. कागद वाचताना प्रथमदर्शनी त्यात वावगे काही दिसत नाही. परंतु ‘समुद्रावरील हालचाल इंग्रजांच्या हुकमाखाली’ हे कलम लिहिताना, त्या हालचालीच्या शेवटी किल्ल्याचा दरवाजा जो उघडेल तो कोणासमोर, आणि आत प्रथम कोणाची शिबंदी शिरेल, हे लिहावयाचे राहून गेले. युद्धकाळच्या करारात एवढी एक ओळ गाळली गेली की उरलेल्या सगळ्या ओळी तिच्यामागे लंगडत चालतात.

त्या वर्षी मात्र ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही, कारण मोहिमेवर आलेला कमोडोर विल्यम जेम्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचा चाकर होता. एप्रिल १७५५ मध्ये त्याने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग अवघ्या काही दिवसांच्या माऱ्याने घेतला. पाठोपाठ बाणकोटही शरण आले. हा अनपेक्षित जलद विजय पाहून रामाजीपंतांना उत्साह चढला. आता थांबू नये, तसेच दाभोळवर चालून जावे, म्हणून त्यांनी जेम्सला आग्रह केला, आणि त्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले. रक्कम लहान नव्हती, वारा अनुकूल होता, शत्रू गांगरलेला होता. परंतु जेम्सने स्वतःच्या जोखमीवर पाऊल न टाकता मुंबईस पत्र लिहून हुकूम मागितला. मुंबईकरांनी पावसाळा जवळ आल्याचे कारण सांगून नकार दिला. आणि तो गुपचूप परत गेला. पुढे ठरल्याप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे आला. मला या साऱ्या मोहिमेत सुवर्णदुर्गावरील तोफांपेक्षा ही पत्रापत्री अधिक बोधप्रद वाटते. एका बाजूला जागेवरच नवा सौदा करू पाहणारा मुत्सद्दी आहे. दुसऱ्या बाजूला लालूच, संधी आणि विजयाची धुंदी या तिन्ही गोष्टी समोर असता, ‘माझ्या हुकूमनाम्यात हे नाही’ एवढेच म्हणणारा दर्यावर्दी आहे. हा माणूस काही साधुसंत नव्हता. पण त्याचा पगार, त्याची बढती आणि त्याचा हुकूम ही तिन्ही ज्या मंडळींच्या हातून येत, त्याच मंडळींनी करारावर सही केली होती. करार टिकला तो या जुळणीमुळे.

पुढच्या हंगामात ही जुळणी मोडली. चार्ल्स वॉटसन हा कंपनीचा चाकर नव्हता, तो इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा अधिकारी होता. त्याच्याबरोबरच्या फौजेचा सेनापती क्लाइव्ह याच्याजवळही आता राजाची लेफ्टनंट कर्नलची सनद होती. मुंबईच्या गव्हर्नराने रामाजीपंतांना काय लिहून दिले आहे याचे बंधन आपल्यावर कितपत आहे, याचा निवाडा हे दोघे आपल्या मनाने करण्यास मोकळे होते. मुंबईहून शिडे उभारण्यापूर्वीच आरमारी व लष्करी अंमलदारांनी बसून, विजयदुर्गात जी लूट सापडेल तिची वाटणी कोणत्या प्रमाणात करावयाची, हे ठरवून टाकले होते. त्या वाटणीत पेशव्यांच्या फौजेचा हिस्सा धरलेला नव्हता. ज्याने वाटणीचे गणित आधी मांडले, त्याला शत्रू शांतपणे शरण येऊन किल्ला दोस्ताच्या स्वाधीन करतो ही कल्पना कशी रुचावी? तहाने घेतलेल्या किल्ल्यात लूट नसते.

वॉटसनचे आरमार ७ फेब्रुवारीस मुंबईहून निघून ११ तारखेस विजयदुर्गासमोर आले. तुळाजी तेव्हा पेशव्यांच्या छावणीत होता आणि किल्ला त्याच्या मेहुण्याच्या ताब्यात होता. रामाजीपंतांनी वॉटसनकडे जाऊन हल्ला थोडा थांबवावा अशी विनंती केली. वॉटसनने किल्ला ताबडतोब हवाली करण्याचा हट्ट धरला. आणि १२ तारखेस मारा सुरू झाला. एका गोळ्याने लागलेली आग पसरत जाऊन आंग्र्यांचे आरमार बंदरातल्या बंदरात जळाले. त्या रात्री क्लाइव्हने आपली फौज जमिनीवर उतरविली. ती शत्रूला कोंडण्यासाठी जितकी, तितकीच दोस्ताला किल्ल्यापासून दूर ठेवण्यासाठी होती. १३ तारखेस किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला, तो ठरल्याप्रमाणे वाटून घेण्यात आला. तुळाजीचा कुटुंबकबिलाही तेथेच हाती आला. तुळाजी स्वतः पेशव्यांचा कैदी झाला आणि त्याचे उरलेले आयुष्य निरनिराळ्या किल्ल्यांवरील बंदिवासात गेले. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अंजनवेल, गोवळकोट ही ठाणी आणि आमचा रत्नागिरीचा किल्ला त्याच हंगामात पेशव्यांच्या खुष्कीच्या फौजेने घेतला. तेथे ताब्याविषयी कोणताही तंटा झाला नाही, कारण तेथे घेणारा हात आणि कागदावर सही करणारा हात एकाच धन्याचे होते.

इंग्रज अंमलदारांनी आपल्या वर्तनाचे समर्थन असे केले की, रामाजीपंतच आमच्या अपरोक्ष शत्रूशी खलबते करीत होते, तेव्हा विश्वासघात त्यांचा. हा कांगावा आहे. लुटीची वाटणी महिना सुरू होतानाच ठरविणाऱ्यांच्या तोंडी विश्वासाची भाषा शोभत नाही. तथापि आपल्या बाजूचा दोष झाकून ठेवण्यात मला स्वारस्य नाही. शत्रूशी बोलणी करणे हा मुत्सद्द्याचा धर्मच आहे, आणि एकही माणूस न मारता किल्ला घेता येत असेल तर तो तसाच घेतला पाहिजे. रामाजीपंत चुकले ते बोलणी करण्यात नव्हे, तर त्या बोलण्यांचा मजकूर, ती सुरू होताच, दोस्त सेनापतीला लेखी न कळविण्यात. आरमार नजरेच्या टप्प्यात आल्यावर जहाजावर जाऊन तोंडी विनंती करणे आणि ते मुंबईस असतानाच ‘किल्ला तहाने मिळण्याचा संभव आहे, मिळाल्यास ताबा अमुक याने घ्यावा’ असा खलिता गव्हर्नर व अॅडमिरल या दोघांनाही रवाना करणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्यातच रामाजीपंत हे एकाच वेळी वकील होते, सुभ्याचे अंमलदार होते आणि मोहिमेचे कारभारीही होते. तिन्ही पागोटी एकाच डोक्यावर असली म्हणजे कोणत्या पागोट्याने दिलेला शब्द खरा धरावा, हे समोरच्याला आपल्या सोयीने ठरविता येते. आणि खुद्द पेशवे त्या दिवसांत कर्नाटकात, सावनूरच्या मोहिमेत गुंतलेले. जासुदाने विजयदुर्गाहून घाट चढून तिकडे जावे, उत्तर घेऊन परत यावे, तोवर किनाऱ्यावर दहा लाखांची वाटणी होऊन जावी, असा तो प्रकार होता.

विजयदुर्ग परत मिळाला तो मात्र कागदाने. आठ महिने पत्रांचा मारा चालला. करार दाखविला जात होता, त्यातील कलमांवर बोट ठेवले जात होते, आणि किल्ला दिल्याखेरीज पुढील कोणतीही गोष्ट होणार नाही हे पुण्याहून पुन्हा पुन्हा बजावले जात होते. मुंबईकरांनाही, वॉटसन आणि क्लाइव्ह निघून गेल्यावर, पेशव्यांसारख्या शेजाऱ्याशी कायमचे वैर धरणे परवडण्यासारखे नव्हते. अखेर बायफील्ड आणि स्पेन्सर हे दोघे इंग्रज वकील पुण्यास आले आणि १२ ऑक्टोबर १७५६ रोजी तह होऊन विजयदुर्ग पेशव्यांना परत करण्याचे ठरले. त्याच तहाने बाणकोट दहा गावांसह इंग्रजांकडे कायम झाले, आणि डचांना पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची बंदी झाली. लढाई न करता असा किल्ला परत मिळविणे हे पेशव्यांच्या दप्तराचे मोठेच यश म्हटले पाहिजे, आणि त्याचा उल्लेख आपल्या व्याख्यानांतून जवळजवळ कधीच होत नाही, कारण त्यात ना धूर आहे, ना रणवाद्ये. अर्थात जळालेले आरमार कोणत्याही कलमाने परत येणार नव्हते. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोटही गेलेच.

वॉटसन आणि क्लाइव्ह यांची पुढची हकिकत इतकी विलक्षण आहे की, ती येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. विजयदुर्गानंतर वर्षाच्या आत हे दोघे बंगालमध्ये गेले, आणि जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतल्यावर तेथील किल्ल्यावर हुकूम राजाच्या आरमाराचा की कंपनीच्या सेनापतीचा, यावरून त्यांचे आपापसांतच जुंपले. पेशव्यांना जो प्रश्न त्यांनी विजयदुर्गावर विचारू दिला नव्हता तोच आता त्यांनी एकमेकांस विचारला. पुढे प्लासीच्या आधी मीर जाफरशी गुप्त तह ठरताना, मध्यस्थ उमीचंद याला फसविण्यासाठी खरा आणि खोटा असे दोन तहनामे तयार करण्यात आले. खोट्यावर सही करण्यास वॉटसनने नकार दिला, तेव्हा क्लाइव्हच्या मर्जीने त्याची सही दुसऱ्याने ठोकून दिली. ज्याने रामाजीपंतांच्या करारास जुमानले नव्हते, त्याच्याच सहीची किंमत त्याच्याच सोबत्याने अशी ठरवावी, याला काय म्हणावे!

आता यावर कोणी असे म्हणेल की, सेनापतीला दर पावलाला कागद पाहावयास लावले तर युद्ध जिंकावयाचे कसे? आक्षेप पोकळ नाही. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज खंडाळ्याहून पुण्यावर चालून येत होती तेव्हा तिच्याबरोबर मुंबईकरांनी कारनॅक, कर्नल एगर्टन आणि पुण्यास वकिलात केलेला मॉस्टिन यांची एक समितीच दिली होती; मुलकी एक म्हणे, लष्करी दुसरे म्हणे; मॉस्टिन मध्येच वारला, एगर्टनच्या जागी कॉकबर्न आला, आणि तळेगावाहून मागे फिरताना वडगावी त्यांना जो तह करून द्यावा लागला तो मुंबईकरांनी पुढे आम्हांस बंधनकारकच नाही म्हणून झटकून टाकला. इंग्रजांनी यावरून जो धडा घेतला तो १८०३ मध्ये दिसला. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने आपला भाऊ आर्थर यास दख्खनच्या मुलकी व लष्करी अशा दोन्ही कारभारांची पूर्ण मुखत्यारी दिली. पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज आणि शिंद्यांच्या छावणीतील वकील कॉलिन्स यांची पत्रे त्याच्याकडे येऊ लागली. कॉलिन्स ३ ऑगस्टला दौलतराव शिंद्यांची छावणी सोडतो आणि थोड्याच दिवसांत अहमदनगरचा किल्ला पडतो, इतकी ती वीण घट्ट होती. परंतु या एकहाती मुखत्यारीची दुसरी बाजूही त्याच मोहिमेत आहे. २३ नोव्हेंबरला ज्या आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या वकिलांशी युद्धतहकुबी केली, त्यानेच, शिंद्यांनी तिच्या शर्ती पाळल्या नाहीत असे स्वतः ठरवून, सहा दिवसांनी वऱ्हाडात अडगाव येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला चढविला. शर्त मोडली की नाही याचा फिर्यादीही तोच, न्यायाधीशही तोच, आणि अंमलबजावणी करणाराही तोच. जिंकणाऱ्याला ही व्यवस्था फार सोयीची असते. मी तिची शिफारस करणार नाही.

मला जी व्यवस्था अनुकरणीय वाटते ती आपल्याच घरची आहे. नाना फडणीस मूळचे वेळासचे, म्हणजे बाणकोटच्या अगदी शेजारचे. पहिले इंग्रज-मराठा युद्ध मिटविणारा सालबाईचा तह महादजी शिंद्यांनी १७ मे १७८२ रोजी इंग्रज वकील अँडरसन याच्याशी केला. सेनापतीने रणांगणात जे मिळविले होते त्याचे माप त्याने तहात घातले. पण नानांनी पुण्याचा शिक्का लगेच उमटविला नाही. हैदर अली हा त्या युद्धातला आपला दोस्त. तो इंग्रजांशी कर्नाटकात झुंजत असता आपण मोकळे होणे त्यांना प्रशस्त वाटेना, आणि हैदराच्या जोरावर आणखी काही पदरात पडते का हेही पाहावयाचे होते. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला. या विलंबाने नाना-महादजींचे संबंध काही गोड झाले नाहीत, आणि नानांच्या हिशेबात निव्वळ नीती होती असेही नाही. परंतु सेनापतीने लिहावे, मुत्सद्द्याने तपासावे, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून तह पुरा करता येऊ नये, ही जी ओढाताण आहे तीच राज्याचे रक्षण करते. रामाजीपंत आणि वॉटसन यांच्यामध्ये अशी ओढाताण होण्यास जागाच नव्हती, कारण एकमेकांस अडविण्याचा अधिकार दोघांपैकी कोणाजवळही नव्हता.

आजच्या काळात जासुदाची जागा दूरध्वनीने घेतली म्हणून हा प्रश्न संपला असे नाही. १९६५ च्या ऑगस्टअखेर आपल्या सैन्याने घेतलेली हाजी पीर खिंड १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद करारान्वये परत करण्यात आली, त्या वेळी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण पंतप्रधान शास्त्रीजींबरोबर ताश्कंदमध्येच होते. ते योग्य झाले की नाही हा वाद अद्याप मिटलेला नाही. पण निदान परत करणारा आणि जिंकणारा यांचा धनी एक होता, आणि त्याला लोकसभेत जाब विचारता येत होता. २०२५ च्या १० मे रोजी गोळीबार थांबविण्याचे बोलणे भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांत दूरध्वनीवर झाले आणि ते देशाला सांगितले परराष्ट्र सचिवांनी. सेनापतीने बोलावे आणि मुत्सद्द्याने जाहीर करावे, हा क्रम मला योग्य वाटतो. दोघांच्या बोलण्याची लेखी टिपणे कालांतराने अभ्यासकांना खुली व्हावीत, एवढीच पुस्ती मी त्याला जोडीन. कारण पेशव्यांच्या काळची पत्रे आपण वाचू शकतो ती गोविंद सखाराम सरदेसायांसारख्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या इतिहासकाराने पेशवे दप्तरातील रुमाल सोडून त्यांचे पंचेचाळीस खंड निवडून काढले म्हणून.

२०२५ च्याच जुलैमध्ये सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले, मराठा लष्करी भूदृश्ये या नावाखाली, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता तेथे फलक लागतील, वाटाडे तयार होतील, आणि तटाची उंची व तोफांची संख्या प्रवाशांना सांगितली जाईल. पुरातत्त्व खात्याला आणि दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला माझी विनंती अशी आहे की, त्या फलकांवर मार्च १७५५ चा करार आणि १२ ऑक्टोबर १७५६ चा तह यांची कलमे मराठीत, साध्या शब्दांत, छापावीत. आणि बाणकोट त्या यादीत नसले तरी असा एक फलक तेथेही लावावा, कारण विजयदुर्ग परत घेताना जे मोल मोजले गेले ते बाणकोट होते.